वेग आणि लगाम

गतवर्षीं आमच्या शाळेची वार्षिक सहल खोपोलीनजीकच्या इमॅजिका या क्रीडोद्यानास गेली होती, हें वाचकांस विदित आहेच. सहल सुखरूप परत आली. मुलांचे घसे बसले, एवढेंच काय तें नुकसान झालें. परंतु त्यानंतर पालकांचीं दोन पत्रें शाळेकडे आलीं. एका गृहस्थांनीं लिहिलें कीं, शाळेनें मुलांस किल्ले दाखवावे, कारखाने दाखवावे. पैसे मोजून भीति विकत घेण्याचें शिक्षण शाळेनें काय म्हणून द्यावें? दुसरें पत्र एका मातोश्रींचें होतें, आणि त्यांची तक्रार नेमकी उलट होती. त्यांच्या मुलाची उंची दोन बोटें कमी भरली म्हणून त्याला मोठ्या रोलर कोस्टरवर बसूं दिलें नाहीं, आणि शिक्षकांनीं मुलाच्या वतीनें एक शब्दहि काढला नाहीं, हें त्यांच्या मनाला लागलें होतें. त्या मुलानें बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या, ही गोष्ट त्यांस ठाऊक होती किंवा कसें, तें आम्ही विचारलें नाहीं.

दोन्ही पत्रांस उत्तरें द्यावयाचीं होतींच. तितक्यांत एक तिसरी गोष्ट घडली. सहलीनंतरच्या सोमवारीं सकाळीं आम्ही अंधेरीहून बोरिवलीकडे येत होतों. मालाड सुटल्यावर आमचें लक्ष दाराकडे गेलें. डब्यांत गर्दी नव्हती. बसावयास जागा होती. तरी आमचाच दहावींतील एक विद्यार्थी एका हातानें दांडा धरून, अर्धें अंग बाहेर झोंकून, वारा खात उभा होता. सहलींत नायट्रो नांवाच्या रोलर कोस्टरवर हाच मुलगा डोळे गच्च मिटून आमच्या शेजारीं बसला होता. आम्ही त्याला आंत ओढून घेतलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, नायट्रोच्या मानानें हें कांहींच नाहीं!" त्या क्षणीं आम्हांस रागावतां आलें, परंतु उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर आज येथें लिहीत आहों, आणि त्यांतच दोन्ही पत्रांचीं उत्तरेंहि येतील.

बोरिवली-मालाडच्या पालकांस हा विषय नवा नाहीं. १९८९ सालीं गोराई येथें एस्सेलवर्ल्ड सुरू झालें, तेव्हां आजचे कित्येक पालक स्वतःच लहान होते. बोटींत बसून खाडी ओलांडावयाची, दिवसभर हुंदडावयाचें, आणि सायंकाळीं उन्हानें रापलेलीं तोंडें घेऊन पुन्हां बोटींत बसावयाचें, ही आठवण या उपनगरांत घरोघर सांपडेल. तें उद्यान २०२२ च्या सुमारास बंद झालें. खोपोलीचें उद्यान २०१३ सालीं उघडलें, आणि शाळांच्या सहली तिकडे वळल्या. जागा बदलली तरी हौस तीच, आणि ती हौस मुंबईहूनहि फार जुनी आहे. रशियांत पूर्वीं हिवाळ्यांत लांकडी उतारांवर पाणी ओतून बर्फ जमवीत व लोक त्यावरून घसरत. १८८४ सालीं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या किनाऱ्यावर लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थानें चढउतारांवरून धांवणारी एक गाडी बसविली. तिचा वेग होता तासास सुमारें सहा मैल. मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणजे आमच्या शाळेंतील मुलें याहून जलद धांवतात! तरीहि लोक पांच सेंटांचें तिकीट काढून तींत बसावयास गर्दी करीत. सहा मैलांत जर एवढी मौज असेल, तर मौज वेगांतच आहे असें कसें म्हणावें?

हाच आमच्या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर प्रथम वेग येतो कोठून, तें पाहूं.

नायट्रोच्या गाडीस इंजिन नाहीं. एक साखळी तिला सुमारें ४० मीटर उंचीवर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीइतकें वर, ओढून नेते आणि सोडून देते. अशा गाड्या चढतांना खट्‌खट् असा आवाज होतो. तो गाडीखालील खुंटी एकामागून एक दांत्यांवर पडण्याचा असतो. साखळी तुटली तरी गाडी मागें घसरूं नये, यासाठीं ती योजना आहे. माथा ओलांडला कीं पुढील सर्व प्रवास या एकदांच जमविलेल्या उंचीच्या भांडवलावर चालतो. गाडी जितकी खालीं येते तितका तिचा वेग वाढतो. पुन्हां वर चढली कीं तितकाच खर्ची पडतो. आमचे दहावींतील विद्यार्थी हिशेब करून पाहूं शकतील कीं, ४० मीटर खालीं आलेल्या गाडीचा वेग सेकंदास २८ मीटर, म्हणजे तासास सुमारें १०० किलोमीटर होतो. उतार १० मीटरांचाच असेल तर वेग सेकंदास १४ मीटर. उंची चौपट करावी तेव्हां कोठें वेग दुप्पट होतो. प्रवासी हलका कीं भारी, हा प्रश्न या हिशेबांत येतच नाहीं. चाकांचें घर्षण व समोरचा वारा यांत त्या भांडवलाची थोडी थोडी गळती होते; म्हणून पुढचा कोणताहि उंचवटा पहिल्याइतका उंच ठेवीत नाहींत. तात्पर्य, येथें वेग कोणा चालकाच्या लहरीवर नाहीं. ज्या दिवशीं कागदावर उंची आंखली, त्याच दिवशीं वेगहि ठरून गेला.

आतां मौजेची गोष्ट पहा. तासास १०० किलोमीटर हा वेग आमच्या उपनगरी गाड्यांचाहि कमाल वेग आहे. जलद गाडी त्या वेगाच्या जवळपास धांवत असतां आंतील माणसें काय करीत असतात? कोणी जांभई देतो, कोणी भाजी निवडतो, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोंप काढतो. फार कशाला, पृथ्वी सूर्याभोवतीं सेकंदास सुमारें ३० किलोमीटर वेगानें फिरत आहे, आणि आपण तिच्यावर बसून खुशाल चहा पितों. एकसारख्या वेगाचें आपल्या शरीरास भानच नसतें. त्यास कळतो तो वेगांतील बदल. घरच्या झोपाळ्यावर बसलें असतां झोपाळा अगदीं खालून जातांना अंग जड वाटतें, आणि वरच्या टोंकास क्षणभर हलकें वाटतें. बस वळली कीं उभा प्रवासी बाहेरच्या बाजूस फेंकला जातो. रोलर कोस्टर रचणारा अभियंता वेग एकदां ठरवून मोकळा होतो. त्याचें खरें कौशल्य हा बदल किती, केव्हां व किती वेळ द्यावयाचा, तें ठरविण्यांत असतें.

उदाहरणादाखल तोच सेकंदास २८ मीटरांचा वेग घेऊं. उतार संपून गाडी पुन्हां वर वळते, तें वळण एका वर्तुळाचा तुकडा समजावें. त्या वर्तुळाची त्रिज्या ४० मीटर असेल तर तळाशीं प्रवाशास आपलें वजन तिप्पट झाल्यासारखें वाटेल. ५० किलो वजनाचा मुलगा आसनावर १५० किलोंच्या भारानें दाबला जाईल. त्रिज्या २० मीटर केली तर भार पांचपट. १० मीटर केली तर नऊपट! नऊपट भार म्हणजे लढाऊ विमानांतील तरबेज वैमानिक विशेष पोशाख घालून आणि श्वास आवळून धरण्याचा सराव करून कांहीं सेकंद सोसतात तो. सामान्य माणसाच्या मेंदूंतील रक्त अशा वेळीं पायांकडे उतरतें व तो बेशुद्ध पडतो. गाडी तीच, उंची तीच, वेग तोच. केवळ वळणाची त्रिज्या बदलली, आणि खेळाचा घात झाला. म्हणूनच चांगल्या रचनेंत हा भार बहुधा चार-पांचपटींच्या पलीकडे जाऊं देत नाहींत, आणि तोहि क्षण-दोन क्षणांपुरताच असतो.

हें शहाणपण मनुष्यास फुकट मिळालेलें नाहीं. १८९५ सालीं त्याच कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नांवाची गाडी आली. ती प्रवाशांस सुमारें २५ फूट व्यासाच्या उभ्या वर्तुळांतून पूर्ण उलटें फिरवून आणी. वर्तुळ अगदीं गोल होतें, आणि तींच चूक झाली. गोल वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी खालीं न पडतां पार जावयाची असेल, तर तळाशीं तिचा वेग इतका ठेवावा लागतो कीं भार निदान सहापट होतो, आणि सपाट रुळावरून वर्तुळांत शिरतांक्षणीं तो एकदम मानेवर आदळतो. लोकांच्या मानांस हिसके बसूं लागले. तिकीट काढून बसणाऱ्यांपेक्षां दुरून पाहणारेच अधिक झाले. यावर समाधानकारक तोड निघावयास बरींच वर्षें लागलीं. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत आंटोन श्वार्त्सकोफ व वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनीं पाण्याच्या थेंबासारखा, खालीं रुंद व वर अरुंद असा वेढा रचला. तळाशीं वेग फार, म्हणून तेथें वळण मोठें. माथ्यावर वेग थोडा, म्हणून तेथें वळण लहान. त्यामुळें भार हळूहळू चढतो व हळूहळू उतरतो. गंमत अशी कीं, ही वक्ररेषा लोहमार्गाच्या अभियंत्यांस पूर्वींपासून ठाऊक होती. सरळ रूळ वळणास मिळतो तेथें गाडीस हिसका बसूं नये म्हणून ते अशाच जातीची रेषा आंखतात. आपण दररोज तिच्यावरून जातों, आणि धक्का बसत नाहीं म्हणूनच ती आपल्या लक्षांत येत नाहीं.

तळाशीं अंग जड होतें, तसें उंचवट्यावर तें हलकें होतें. तेथील रूळ फेंकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा आंखला असेल तर प्रवाशाचें वजन क्षणभर हरपल्यासारखें होतें, पोटांत खड्डा पडतो, आणि मुलें एकसुरानें किंकाळी फोडतात. अशा वेळीं गाडीनें रूळ सोडूं नये म्हणून रुळाच्या वर, बाजूस व खालींहि चाकें असतात. खालच्या चाकांची युक्ति अमेरिकेंतील जॉन मिलर यानें १९१९ सालीं काढली; त्यानंतरच उंच व तीव्र चढउतार निर्भयपणें बांधतां येऊं लागले. म्हणजे पहा, गाडीस जितकी घट्ट बांधली, तितकी तिला अधिक मोकळीक देतां आली.

भीतीचें म्हणाल तर तींतील बराचसा भाग निव्वळ देखावा असतो. नायट्रोच्या आसनांखालीं जमीन नाहीं. पाय अधांतरीं लोंबतात. त्यामुळें भार एका रतीनेंहि वाढत नाहीं, परंतु छाती मात्र धडधडते. त्याच उद्यानांत डीप स्पेस नांवाची गाडी अंधारांतून धांवते. पुढचें वळण दिसत नाहीं, म्हणून तेंच वळण दुप्पट वाटतें. कोठें एखादी तुळई डोक्यावरून अशी जाते कीं आतां कपाळमोक्ष होणार! परंतु तो सर्व हिशेबाचा खेळ आहे. प्रवाशानें हातपाय पुरते ताणले तरी ते कशासहि लागूं नयेत इतकी मोकळी जागा मार्गाभोवतीं राखावी लागते. त्या मापाची चौकट गाडीवर बसवून ती सबंध मार्गावरून फिरवून पाहण्याची रीत आहे. कपाळाजवळून गेलेली तुळई अगोदरच तुमचा हात मोजून दूर ठेवलेली असते.

शेवटीं लगाम. मार्गाचे भाग पाडलेले असतात, व एका भागांत एका वेळीं एकच गाडी असावी असा कडक नियम असतो. पुढचा भाग मोकळा झाला नसेल तर मागची गाडी अडविली जाते. सिग्नल मिळेना म्हणून आपली लोकल स्थानकाबाहेर खोळंबते, तोच हा न्याय आहे. पुष्कळ ठिकाणीं ब्रेकची रचना अशी असते कीं, मिटलेलें राहणें हीच त्याची स्वाभाविक स्थिति. तो उघडण्यासाठीं हवेचा दाब लागतो. दाब गेला, ब्रेक मिटला. कित्येक गाड्यांत चुंबकांच्या मधून धातूची पट्टी जाते. तींत विजेचे प्रवाह उत्पन्न होऊन ते गतीस विरोध करतात. बाहेरची वीज बंद पडली तरी या ब्रेकचें काम अडत नाहीं.

याच विचाराचा आपल्याकडील जुना नमुना पाहावयाचा तर खोपोलीहून मान वर करावी. १८६३ सालीं खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग त्याच डोंगरांतून जातो. त्याचा चढ कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट आहे. उतरणारी गाडी हाताबाहेर गेली तर काय करावें, म्हणून त्या मार्गाच्या बाजूस उलट चढावर जाणारे रूळ घातले, आणि सांधा नेहमीं त्या चढाकडेच लावून ठेवण्याची पद्धत घातली. गाडी ताब्यांत आहे हें थांबून सिद्ध करावें, तेव्हां सांधा मुख्य मार्गाकडे फिरणार. प्रत्येक गाडी बेताल होऊं शकते असें धरून चालावें, आणि तशी ती झालीच तर तिला सांवरावयास जागा ठेवावी, हें घाट बांधणाऱ्यांचें धोरण होतें. अशा धोरणास भित्रेपणा म्हणावें काय? आम्ही त्यास माणुसकी म्हणतों.

आतां पत्रांकडे वळूं. पहिल्या गृहस्थांस आमचें नम्र सांगणें असें कीं, किल्ले दाखवावेच. परंतु ही भीति विकत घेण्याची गोष्टहि टाकाऊ नाहीं. मुलांस थरार हवा असतो, आणि तो कोठून तरी ते मिळवितातच. गणित, पदार्थविज्ञान व माणसाच्या शरीराविषयींची काळजी हीं तिन्ही एकत्र येऊन त्यांच्या अंगाखांद्यावरून जातात, असा धडा वर्गाच्या फळ्यावर देतां येत नाहीं. आमचा स्वतःचा दोष मात्र आम्ही कबूल करतों. आम्ही मुलांस नुसतें नेलें आणि आणलें. काय पाहावयाचें तें आधीं सांगितलें नाहीं. आमच्या मतें अशा सहलीपूर्वीं निदान दोन तासिका या विषयास द्याव्या, आणि प्रत्येकाच्या खिशांत एक वही व पेन्सिल असावी. अंग कोठें जड झालें, कोठें हलकें झालें, तें परतल्यावर त्यानें रेखाटून दाखवावें.

मातोश्रींस आम्ही सांगूं इच्छितों कीं, ती उंचीची रेघ मानापमानाची नव्हे. खांद्यांवरून येणारा अडसर विशिष्ट अंगलटीच्या शरीरास घट्ट बसेल असा केलेला असतो. भाराचा सर्व हिशेब तें शरीर जागच्या जागीं आहे असें धरूनच केलेला असतो. बुटांतील वर्तमानपत्रानें मुलगा दोन बोटें उंच दिसेल, पण त्याचे खांदे आहेत तेथेंच राहतील. त्या दिवशीं दारावरच्या माणसानें तुमच्या मुलाचा अपमान केला नाहीं. तुम्ही तेथें असतां तर जें करावयास हवें होतें, तेंच त्यानें तुमच्या वतीनें केलें. पुढच्या वर्षीं तो आपल्या स्वतःच्या उंचीनें त्या रेघेपलीकडे जाईल, आणि आम्ही त्याच्या शेजारीं बसूं.

आणि त्या विद्यार्थ्यास? बाळ, नायट्रोच्या मानानें लोकलचें दार कांहींच नाहीं, असें तूं म्हणालास. वेग पाहतां दोन्ही सारखींच आहेत. परंतु नायट्रोवर तुझी मान किती सोसेल तें कोणी तरी आधीं मोजलें होतें; तुझा हात किती लांब पोंचेल तेंहि मोजलें होतें. लोहमार्गालगतचे खांब गाडीच्या मापानें उभे केलेले आहेत. दाराबाहेर आलेल्या तुझ्या खांद्याचें माप कोणीहि घेतलेलें नाहीं. तेथें तुझ्या छातीवर अडसर नाहीं, खालचीं चाकें तुझ्यासाठीं नाहींत, आणि तुझ्या घामेजल्या तळहाताशिवाय दुसरा लगाम नाहीं. जेथें सर्व हिशेब तुझ्या बाजूनें केलेला होता, तेथें तूं डोळे मिटलेस. आणि जेथें तो कोणीच केलेला नाहीं, तेथें तूं हंसलास.

मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर रूळ ओलांडतांना, गाडींतून पडून व अन्य कारणांनीं अलीकडच्या वर्षांत दरसाल दोन हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं आहेत. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या जवळून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले, आणि त्यांपैकीं कित्येक दगावले. तीं माणसें हौसेनें दारांत उभीं नव्हतीं. आंत पाय ठेवावयास जागा नव्हती म्हणून उभीं होतीं. त्यांस आम्ही एका शब्दानेंहि दोष देत नाहीं. तेथें दोष गर्दीचा आहे, आणि तो दूर करणें हें मोठ्यांचें काम आहे. परंतु ज्या डब्यांत बसावयास जागा होती, त्या डब्याच्या दारांत तूं उभा होतास.

तुझ्या धैर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तें धैर्य उद्यां हिशेब करण्याच्या कामीं लाग, एवढीच आमची इच्छा आहे. कदाचित् एखाद्या दिवशीं तूंच असा मार्ग आंखशील कीं ज्यावर दुसऱ्यांचीं मुलें किंचाळत उतरतील आणि हंसत घरीं जातील. तोंपर्यंत, मालाड सुटलें कीं आंत ये. आमच्या शेजारीं बहुधा जागा असते.